उपकरण सर्वांचे, दार कुणाचे?

बहुतेक मोठ्या विद्यापीठांच्या आवारात एक इमारत असते. तिच्यावर 'केंद्रीय उपकरण केंद्र' किंवा 'सामायिक सुविधा केंद्र' अशी पाटी असते. आत एसी सतत चालू असतो आणि दारात चपला काढून ठेवायला एक फळी असते. आपल्यापैकी बरेच जण एमएस्सी संपेपर्यंत त्या इमारतीवरून रोज जातात. आत जात नाहीत, कारण आत जायचे असते हे कुणी सांगितलेले नसते.

आत एफटीआयआर असते, रामन स्पेक्ट्रोमीटर असतो, एनएमआर असते, सीडी असते. पदार्थावर प्रकाश किंवा रेडिओलहरी टाकायच्या, त्यातले काय शोषले गेले, काय विखुरले गेले, काय परत आले हे मोजायचे आणि त्यावरून पदार्थाच्या आतल्या रचनेचा अंदाज बांधायचा, एवढेच स्पेक्ट्रोस्कोपीचे मर्म. पण यंत्रे महाग. चांगले एनएमआर कोटींच्या घरात जाते, त्याला द्रव हेलियम लागतो, प्रशिक्षित माणूस लागतो. प्रत्येक महाविद्यालयाने ते घ्यावे हे शक्य नाही. म्हणून सरकारने एका ठिकाणी घ्यावे आणि सगळ्यांनी वापरावे, ही कल्पना निघाली. 1970च्या दशकात केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने चेन्नई, मुंबई, लखनऊ, चंदीगड, शिलाँग अशा ठिकाणी प्रादेशिक उपकरण केंद्रे उभी केली. आज त्यांनाच 'सैफ' म्हणतात. जानेवारी 2020 मध्ये 'आय-स्टेम' हे राष्ट्रीय पोर्टल आले. कोणते यंत्र कुठे आहे ते तिथे शोधता येते आणि वेळ मागता येते. 2022 मध्ये सार्वजनिक पैशाची उपकरणे बाहेरच्यांनाही वापरू द्यावीत यासाठी मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून तयार झालेले नाव आहे 'श्रीमान'. हा विनोद मी केलेला नाही.

कल्पना उत्तम आहे आणि ती टिकली पाहिजे, हे आधीच सांगते. कारण पुढे जे लिहिते आहे ते वाचून 'मग खासगी लॅब बऱ्या' असे कुणाला वाटले तर ते मला नको आहे. खासगी लॅबमध्ये आपल्याला फक्त दरपत्रक मिळेल.

मी समाजशास्त्राची. घरातली पहिली पदवीधर, आणि आता पीएचडी करते आहे. गेली दोन वर्षे मराठी मुलखाबाहेरच्या एका विद्यापीठातल्या अशाच केंद्रात मी वही घेऊन बसते. यंत्र चालवत नाही. यंत्रापर्यंत कोण कसे पोचते ते पाहते. केंद्राचे नाव सांगणार नाही, आणि माणसे ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. या दोन वर्षांत एक गोष्ट मला वारंवार दिसली. 'सामायिक' या शब्दाची खरी परीक्षा जैविक नमुने घेऊन आलेल्या विद्यार्थ्यांच्या वेळी होते.

कारण साधे आहे. सिमेंटची भुकटी तीन आठवडे पाकिटात पडून राहिली तरी सिमेंटच राहते. यकृताचा तुकडा, माशाचे रक्त, पेशींचा अर्क, शुद्ध केलेले प्रथिन यांचे तसे नाही. ते तासांच्या हिशोबाने बिघडतात. उशीर सगळ्यांना सारखा वाटला, तरी त्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. शुक्रवारी दुपारी यंत्र बंद पडते. त्याच आवारातली विद्यार्थिनी आपली ट्यूब उचलते आणि समोरच्या विभागातल्या उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवून देते. दीडशे किलोमीटरवरच्या जिल्ह्याच्या महाविद्यालयातून पहाटेच्या बसने आलेला मुलगा थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसतो. डब्यातला बर्फ त्याने स्टँडजवळच्या मासळीवाल्याकडून घेतलेला असतो. 'सोमवारी या' असे त्याला सांगितले जाते. सांगणाऱ्याच्या आवाजात राग नसतो, तुच्छताही नसते. त्या वाक्याचा अर्थ 'चार महिन्यांचे काम फेकून द्या' असा होतो, हे सांगणाऱ्याला ठाऊकही नसते.

आणि मग व्हॉट्सअ‍ॅप असते. 'आत्ता मशीन रिकामे आहे, येतोस का?' हा मेसेज कुणाला जातो, हे मी महिनाभर मोजायचा प्रयत्न केला. तो ओळखीच्या प्रयोगशाळांना जातो. ओळख म्हणजे एकाच गाईडचे जुने विद्यार्थी, एकाच वसतिगृहाचा मजला, एकाच भाषेतले घरगुती बोलणे, एकमेकांच्या घरी झालेले जेवण. यात कुणी कुणाला जात विचारत नाही. केंद्राचे रजिस्टर पाहिले तर सगळे क्रमाने आहे. रजिस्टर खोटे नाही, पण रिकाम्या झालेल्या वेळा त्यात कधी चढतच नाहीत. पहिल्यांदा दारात आलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारला जातो, 'कुणाचे विद्यार्थी?' या प्रश्नाचे वजन ज्याच्यामागे 'कुणी' नाही त्यालाच कळते.

दुसरी गोष्ट माहितीची. जैविक नमुना यंत्रात घालण्याआधी जी तयारी लागते ती अर्जावर छापलेली नसते. प्रथिनांची इन्फ्रारेडमधली सगळ्यात महत्त्वाची पट्टी, अमाइड-एक, साधारण 1600 ते 1700 या पट्ट्यात येते. पाणी नेमके 1640 च्या आसपास जोरात शोषते. म्हणजे ओला नमुना तसाच दिला तर ग्राफ पाण्याचा येतो, प्रथिन त्याखाली गाडले जाते. त्यावर उपाय आहेत: नमुना फ्रीज ड्रायरमध्ये वाळवायचा, किंवा साध्या पाण्याऐवजी जड पाणी वापरायचे, किंवा बफरचा ग्राफ वेगळा घेऊन वजा करायचा. पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी करायची असेल तर नमुना कोरडाच हवा, कारण ते मीठ हवेतलेही पाणी ओढते. सीडी करायची असेल तर बफरमधले क्लोराइड 200 नॅनोमीटरच्या खाली सगळे झाकून टाकते, म्हणून क्लोराइड नसलेला फॉस्फेट बफर घ्यायचा. रामनमध्ये ऊतींची स्वतःची चमक इतकी असते की खरे शिखर दिसत नाही. तेव्हा हिरव्या लेझरऐवजी 785 नॅनोमीटरचा लेझर आहे का, हे आधी विचारायचे.

हे सगळे मी दोन वर्षे शेजारी बसून ऐकले. यातले काहीही अवघड नाही. बारावीची भौतिकशास्त्राची तयारी आणि अर्ध्या तासाचे नीट बोलणे पुरते. पण ते अर्ध्या तासाचे बोलणे मोठ्या प्रयोगशाळेतल्या मुलांना सीनियरकडून चहाच्या टपरीवर फुकट मिळते. आपल्या मुलांना ते पैसे भरून, निरुपयोगी ग्राफ हातात घेऊन, 'सॅम्पल खराब होते' असा शेरा ऐकून मिळते. मग गाईड म्हणतात, याला बेसिक येत नाही. तिथून 'रिझर्व्हेशनवाले' या शब्दापर्यंतचे अंतर फार नसते. गुणवत्ता म्हणून जे मिरवले जाते त्यातला बराचसा भाग असा असतो: वेळेवर कानावर पडलेली माहिती.

आता तिसरी गोष्ट, जी या स्तंभाच्या वाचकांना समजावून सांगावी लागणार नाही.

जैविक नमुन्याचा स्रोत अर्जात लिहावा लागतो. एका विद्यार्थिनीने 'डुकराची कातडी' असे लिहिले होते. कत्तलखान्यात टाकून दिलेल्या कातडीतून कोलॅजेन काढायचे आणि जखमेवरच्या पट्टीसाठी ते वापरता येते का पाहायचे, असा तिचा विषय. तिच्या हातातल्या बाटलीत दोन-तीन मिलिग्रॅम पांढरी कोरडी भुकटी होती. ना वास, ना रक्त. एफटीआयआरच्या स्फटिकावर ठेवायची, दाबायची, ग्राफ घ्यायचा, आयसोप्रोपेनॉलने पुसायचे, दहा मिनिटांचे काम. तिला सांगितले गेले की 'असले' नमुने इथे करत नाहीत. कोणता नियम, असे तिने विचारले. नियम नव्हता. दोन हेलपाट्यांनंतर नमुना घेतला गेला, पण स्पॅच्युला तिचा तिने आणावा लागला, आणि स्फटिक तिने स्वतः तीनदा पुसला. तिच्या आधी आणि नंतर आलेल्यांना पुसायला सांगितले नव्हते.

त्याच खोलीतल्या फ्रिजमध्ये बीएसएची बाटली असते. जीवशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत असते. प्रथिन किती आहे ते मोजताना तुलनेसाठी हेच घेतात, सीडी बरोबर चालते आहे का ते पाहायलाही हेच. बीएसए म्हणजे बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन, कत्तल झालेल्या गुरांच्या रक्तातून काढलेले प्रथिन. पेशी वाढवायला जे एफबीएस वापरतात, ते तर गायीच्या पोटातल्या वासराचे रक्तद्रव्य. दवाखान्यात रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपरिन बहुतांशी डुकराच्या आतड्यातून येते. कुणाला विटाळ होत नाही. बाटलीवर कंपनीचे लेबल आणि कॅटलॉग नंबर असला की गुराचे रक्त 'स्टँडर्ड' होते. वस्तीजवळच्या कत्तलखान्यातून आपल्या हाताने आणलेली कातडी मात्र 'असले' होते. म्हणजे विटाळ पदार्थाला चिकटलेला नाही, तो आणणाऱ्या हाताला चिकटलेला आहे. 2020 मध्ये याच विज्ञान विभागाने देशी गायीच्या दूध, शेण, गोमूत्रावरच्या संशोधनासाठी प्रस्ताव मागवले होते. मूत्र हाही जैविक नमुनाच.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. केंद्रांची खरी काळजी असते आणि ती रास्त आहे. माणसाचे रक्त असेल तर त्यात कावीळ किंवा एचआयव्हीचा विषाणू असू शकतो. ऑपरेटर हातमोजे घालून दिवसभर तिथे बसतो, त्याला घर आहे. जिवंत रोगजंतू उघड्या बाकावर आणता येत नाहीत. मानवी नमुन्याला नैतिकता समितीची मंजुरी हवी, जोखमीच्या नमुन्याला जैवसुरक्षा समितीचे पत्र हवे. हे नियम जाचक नाहीत. सुरक्षेचा नियम आणि किळस यांतला फरक ओळखायची माझी कसोटी अशी आहे: सुरक्षेचा नियम लेखी असतो, सगळ्यांना लागू असतो आणि पुढचा रस्ता सांगतो. फॉर्मलिनमध्ये ठेवून आणा, ऑटोक्लेव्ह करून आणा, वाळवून आणा, बंद क्युव्हेटमध्ये आणा. किळस फक्त नाही म्हणते.

स्पेक्ट्रोस्कोपीच्या भारतीय इतिहासातही दोन दारे शेजारी-शेजारी दिसतात. 1907 मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन हा वित्त खात्यातला तरुण अधिकारी कलकत्त्याला नेमणुकीवर आला. ट्रामने जाताना त्याला बोबाजार रस्त्यावर इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सची पाटी दिसली. त्याने दार वाजवले. ते आशुतोष डे या तिथल्या सहायकाने उघडले. कचेरीच्या आधी आणि नंतर तिथली उपकरणे वापरत त्याने काम केले, आणि 28 फेब्रुवारी 1928 च्या शोधापर्यंत गोष्ट पोचली. त्याच्या बुद्धीबद्दल वाद नाही. दार पहिल्या टकटकीला उघडले, एवढेच मी नोंदवते.

दुसरे मेघनाद साहा. 1893 मध्ये ढाक्याजवळच्या खेड्यात छोट्या दुकानदाराच्या घरी जन्म, खालची मानलेली जात. कलकत्त्याच्या ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये त्यांच्यासोबत पंगतीला बसायला सवर्ण विद्यार्थ्यांनी हरकत घेतली होती. याच साहांनी 1920 मध्ये आयनीभवनाचे समीकरण मांडले आणि ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ जगाला लावून दिला. वर्णपट दुसऱ्यांनी घेतलेले, दुर्बिणी दुसऱ्यांच्या. आपला सिद्धांत प्रयोगाने तपासायला लागणारी साधने त्यांच्याजवळ नव्हती. त्यासाठी ते बर्लिनला नेर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत गेले. आभा सूर यांनी 2011 च्या आपल्या पुस्तकात रामन आणि साहा यांच्याकडे जातीच्या नजरेने पाहिले आहे. जमेल त्याने ते वाचावे. साहांना पुढे भारतात संस्था उभारण्याचा ध्यास का लागला, हे मला त्या दुसऱ्या दाराकडे पाहिल्यावर जास्त कळते.

पैशाचे थोडक्यात. बहुतेक केंद्रांत पैसे आधी भरायचे असतात. एका नमुन्याला काहीशेपासून काही हजारांपर्यंत, आणि बाहेरच्यांना अनेक ठिकाणी वर 18 टक्के जीएसटी. नंतर बिल लावून ते कंटिन्जन्सीतून मिळवायचे. ज्याच्या घरून पैसे येतात त्याला हा नुसता कागदी व्यवहार. केंद्रीय विद्यापीठात नेट नसलेल्या पीएचडीवाल्याला महिना 8,000 रुपये मिळतात, त्यातून घरीही पाठवायचे असतात. फेलोशिप सहा-सात महिने थकली की त्याच्यासाठी यंत्र बंदच. रोहित वेमुलाच्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा आकडा होता, हे आपण विसरलेलो नाही. रोहितनेही पीएचडीची सुरुवात जीवविज्ञानातच केली होती.

आणि ज्यांची गोष्ट कुठल्याच शोधनिबंधात येत नाही ते केंद्रातले अटेंडंट. कंत्राटी, बहुतेक आपलेच. क्वार्ट्झची क्युव्हेट धुणे हे कौशल्य आहे; ओरखडा पडला तर हजारो रुपये गेले. मी पाहिलेल्या केंद्रात हे काम सगळ्यात चांगले करणारा माणूस दहावी नापास आहे. प्रथिनाचा थर चिकटला आहे की नाही हे तो उजेडात धरून सांगतो, आणि नवे विद्यार्थी ऑपरेटरला विचारायला लाजतात ते त्याला विचारतात. पिवळ्या पिशवीत जाणारा जैविक कचराही तोच उचलतो. निबंधाच्या शेवटी आभार मानतात त्यात संचालक असतात, ऑपरेटर असतो, यंत्र बनवणारी कंपनीही असते.

या सगळ्यावर 'पण केंद्र तर सर्वांना खुले आहे' असे उत्तर मिळते. खुले असणे म्हणजे काय हे आपल्याला महाडने शिकवले आहे. 1923 मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला आणि सार्वजनिक पैशाची पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे तीन वर्षे खुले होते आणि पाणी कुणी प्यायले नव्हते. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि हजारो लोक तळ्यावर गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला 1937 उजाडले. एफटीआयआरची तुलना तळ्याशी करणे कुणाला अतिशयोक्ती वाटेल. मला वाटत नाही. तहान वेगळी आहे. सार्वजनिक वस्तूवरचा ताबा त्याच पद्धतीने चालतो.

म्हणून या केंद्रांकडे काही मागितले पाहिजे, आणि ते संघटनांनी, विद्यार्थी प्रतिनिधींनी, एससी-एसटी सेलने लेखी मागितले पाहिजे. प्रत्येक यंत्रासाठी जैविक नमुना कसा तयार करायचा याचे एक पान दारावर असावे, इंग्रजीत आणि त्या राज्याच्या भाषेत. रिकाम्या झालेल्या वेळा खासगी मेसेजवर न वाटता यादीतल्या पुढच्या माणसाला द्याव्यात, आणि नाशवंत नमुन्याला आधी घ्यावे. नमुना नाकारला तर कारण लेखी द्यावे. फेलोशिप थकलेल्या विद्यार्थ्याला पैसे नंतर भरायची मुभा असावी. यातल्या एकालाही नवे यंत्र लागत नाही.

आणि तुम्ही. अर्ज करण्याआधी ऑपरेटरला मेल करा आणि नमुना काय आहे, किती आहे, कोणत्या बफरमध्ये आहे हे लिहून विचारा, की कसा आणू. पहिल्या फेरीला खरा नमुना नेऊ नका. बीएसएचे द्रावण न्या, ग्राफ नीट येतो का पाहा. तोंडी नकार मिळाला तर त्याच संध्याकाळी मेल करा: 'आज मला असे सांगण्यात आले, कृपया नियम कळवावा.' उत्तर आले नाही तर माहिती अधिकार आहे. सार्वजनिक विद्यापीठ 2005 च्या कायद्याखाली येते. केंद्रीय विद्यापीठात अर्जाचे शुल्क 10 रुपये. गेल्या दोन वर्षांत अमुक यंत्र किती तास चालले, त्यातले किती तास बाहेरच्या महाविद्यालयांना मिळाले, किती नमुने नाकारले आणि कोणत्या नियमाखाली, एवढे तीन प्रश्न पुरतात. यंत्राच्या लॉगबुकची प्रतही मागता येते.

मी ज्या केंद्रात बसते तिथे मागच्या महिन्यात दोन विद्यार्थ्यांनी मिळून एकच मागणी लिहून दिली: व्हरांड्यात एक उणे वीसचा फ्रीजर, बाहेरून येणाऱ्यांसाठी, रजिस्टरसकट. अजून उत्तर आलेले नाही. प्लगपॉइंट कुठे आहे ते अटेंडंटने त्यांना दाखवून ठेवले आहे.